मोरीत ओतलेलं औषध

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी पेढे देत नाही. ऑपरेशन नीट झालं की पेढे सर्जनला, नारळ देवाला, आणि काही बिघडलं तर शिव्या आम्हाला. पेशंट आत येतो तेव्हा इतका घाबरलेला असतो की आमचा चेहरा त्याला दिसत नाही, आणि बाहेर जातो तेव्हा इतका गुंगीत असतो की आठवत नाही. गोंदियात मी नव्याण्णव साली कामाला लागलो. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द या शहरात कुणाच्या तोंडी बसला नाही. रिक्षावाल्यापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत मी सगळ्यांचा 'बेहोशीवाले डॉक्टर' होतो. माझी बायको भाजीबाजारात 'बेहोशीवाली मॅडम' म्हणून ओळखली जाई, आणि त्याचा राग ती घरी येऊन माझ्यावर काढी.

आमच्या धंद्याला स्वतःचा दवाखाना नसतो. स्कूटरच्या पुढ्यात बॅग ठेवायची आणि जिथून फोन येईल तिथे जायचं. सकाळी एका नर्सिंग होममध्ये सिझेरियन, दुपारी दुसरीकडे मोडलेला पाय, मध्येच आमगाव नाहीतर देवरी. सर्जन बदलतात, टेबल बदलतं, दिवा बदलतो. आपली फक्त बॅग आणि भीती. नव्याने या कामात आलेल्यांना मी एकच सांगत असे, की सर्जन धीट असला तरी चालतो, भूल देणारा भित्रा पाहिजे. नाडी जरा इकडची तिकडे झाली की ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याने दुसरा व्यवसाय बघावा.

भीतीचेही प्रकार असतात. आमगावकडचे एक पोवार शेतकरी हर्नियासाठी आले होते. पाठीत सुई देऊन मी त्यांची कंबर सुन्न केली. थोड्या वेळाने त्यांचा हात चादरीखाली गेला, स्वतःच्याच मांडीला लागला, आणि ते दचकून ओरडले, "हा पाय कोनाचा हाय जी?" तुमचाच आहे, म्हटलं. "माझा कायले राहील? माझा राहता तर मले समजलं नसतं का?" पुढचं सगळं ऑपरेशन आम्ही दोघं त्या पायाच्या मालकीवर वाद घालत होतो. शेवटी जाताना तो पाय आपला असल्याचं त्यांनी मान्य केलं, पण मनापासून नाही.

ही हसण्यासारखी भीती. दुसरी भीती सांगण्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो आहे. तिच्यासाठी आधी औषधाबद्दल थोडं सांगायला हवं.

कंबर सुन्न करायला जे औषध आम्ही वापरतो, त्याचं नाव बुपिव्हाकेन. नावाला घाबरू नका, गोंदियात त्याला सुन्न करायची दवाई म्हणतात. नसेभोवती ते सोडलं की नस निरोप पोहोचवणं थांबवते. दुखणं जागेवरच असतं, त्याची वर्दी मात्र मेंदूला लागत नाही. काही तासांनी औषध उतरतं, नस पुन्हा कामाला लागते. इतकं इमानी औषध माझ्या बॅगेत दुसरं नव्हतं. माणसावर ठेवत नाही तेवढा विश्वास मी त्याच्यावर ठेवला होता.

आता सांध्याकडे या. मटणाची नळी चोखणाऱ्यांना हे लगेच कळेल. हाडाच्या टोकाला पांढरी, काचेसारखी गुळगुळीत टोपी असते. ती कूर्चा. तिच्यामुळे हाडावर हाड न घासता सरकतं. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. सांध्यात जो पातळ रस असतो, त्याच्यावरच तिच्या पेशी जगतात. पेशीही विरळ, गावापासून लांब टोलीवर चार घरं असावीत तशा. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि नस नसल्यामुळे मरताना ती ओरडतही नाही. माणसाला दुखायला लागतं ते फार उशिरा, टोपी झिजून हाडाला हाड लागल्यावर.

दोन हजार सालानंतर मोठ्या शहरांतून एक नवी सोय निघाली. खांद्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं की सर्जन सांध्यातच एक बारीक नळी ठेवून देत. नळीच्या दुसऱ्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा गोळा, त्यात रबरी फुगा, आणि फुग्यात भरलेलं हेच सुन्न करायचं औषध. फुगा हळूहळू आवळत जाई आणि थेंब थेंब औषध दोन दिवस सांध्यात उतरत राही. पेशंट खुश, नातेवाईक खुश. मीही ते पाहून हरखलो होतो. आपलं औषध एवढ्या लांब पोहोचलं म्हणून ऊर भरून आला होता म्हणा ना.

तो ऊर मनोजने रिकामा केला. मनोज कबड्डीपटू. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, दिवसा कबड्डी आणि रात्री दंडारीचं नाटक. मनोजला दहा गावांच्या मंडईतून बोलावणं असायचं. चढाईत त्याचा खांदा निखळायचा, म्हणून शहरात जाऊन ऑपरेशन करून आला. ऑपरेशन झकास झालं होतं. गळ्यात तो गोळा अडकवून दोन दिवस हा हसत फिरला. पुढे काही महिन्यांत खांदा आखडत गेला. शर्ट घालायला आई लागू लागली. गोंदियातले हाडांचे डॉक्टर बिसेन माझे स्नेही. त्यांना वाटलं, आत पू झाला असेल, उघडून बघू.

मी मनोजला झोपवलं. बिसेनांनी त्याचा हात धरून सावकाश वर नेला आणि खांद्यातून आवाज आला. कोरडं जातं फिरवल्यासारखा. नर्सने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. बिसेनांनी खांदा उघडला. आत पू नव्हता. तिथे काहीच नव्हतं. पांढरी टोपी गेलेली, खाली नुसतं उघडं हाड, खरबरीत. "अरे, याचं वय काय लिहिलंय?" बिसेनांनी विचारलं. वय सगळ्यांना माहीत होतं. तपासणीत जंतूही निघाले नाहीत. मग कशाने झालं, ते कुणालाच सांगता येईना.

मला मात्र गोळा आठवत होता. त्याच सुमारास परदेशातल्या वैद्यकीय मासिकांत अशा काही तरुण खांद्यांची वर्णनं येऊ लागली होती आणि संशयाचं बोट त्या नळीकडे वळलं होतं. पक्कं कुणी म्हणत नव्हतं. मी बिसेनांना म्हटलं तर ते म्हणाले, "रोज पाठीत देतोस तेच औषध ना? तिथे काही होत नाही आणि इथे होतं?" मी म्हटलं, डाळ धुणं वेगळं आणि रात्रभर भिजत घालणं वेगळं. ते हसले. मला हसू येईना. त्या दिवसापासून बॅगेतली ती बाटली मी जरा लांबूनच बघू लागलो. वर्षानुवर्षं घरात वावरणाऱ्या माणसाबद्दल भलतंच काही कानावर यावं, तसं झालं होतं.

सुजाता आली ती यानंतरच्या हिवाळ्यात.

मी बिसेनांच्या दवाखान्यात होतो. एक प्लास्टर आटोपलं होतं आणि मी बॅग भरत होतो. बाहेर एका मुलीच्या कण्हण्याचा आवाज आला. वडील दरेकशाला रेल्वेत गँगमन, भाऊराव त्यांचं नाव. मुलगी सुजाता, पोलीस भरतीची तयारी करणारी. गोळाफेकीच्या सरावात तिचा खांदा पुन्हा पुन्हा निसटू लागला होता. आदल्या दिवशी सकाळी शहरात ऑपरेशन झालं आणि दुपारीच त्यांना सुट्टी मिळाली होती. रात्र तिथेच एका नातेवाइकाकडे काढून ते गाडीत बसले होते. गोंदियाला गाडी बदलून दरेकशाला जायचं, पण फलाटावरच तिला राहवेना, म्हणून कुणीतरी हाडांच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. तिच्या गळ्यात तो गोळा लटकत होता.

"जयभीम डॉक्टरसाहेब," भाऊराव म्हणाले. "हे मशीन चालू करून द्या जी. पोरगी लय तडफडून राहिली."

मी तिला टेबलावर बसवलं. विशीतली मुलगी, ओठ दाताखाली धरलेला. खांद्यावर पट्टी, पट्टीतून निघालेली नळी, नळीवर एक छोटा चिमटा. चिमटा उघडा होता.

"चालूच आहे की," मी म्हटलं.

"आता स्टेशनावर खोलला जी. तरी दुखून राहिलं. तुमी एक सुई मारून जोरात चालू करा."

बिसेनांनी नळी पाहिली. "पाच मिनिटांचं काम आहे," ते मला म्हणाले. "नळीतून एक डोस दे, गोळा राहू दे. उद्या-परवा रिकामा झाला की कुणीही नळी ओढून काढेल. तसं कागदावर लिहिलंच आहे त्यांनी."

सिरिंज माझ्या हातात होती, औषध बॅगेत होतं. आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. दुखतंय म्हटलं की सुन्न करायचं. आणि मला ती बाटली फोडवेना. डोळ्यांसमोर मनोजचं उघडं हाड येत होतं. मी शहरातल्या सर्जनला फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या सहायकाने विचारलं, "आपण कोण?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सर सगळ्यांना ठेवतात. काढू नका." आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच्या पेशंटला हात लावायचा नाही, हा आमच्यातला मोठा नियम. फिरत्या भूलवाल्याने तो मोडला तर सर्जन लोक त्याला फोन करायचं थांबवतात, आणि फोन थांबले की बॅग माळ्यावर. शिवाय मी चुकत असलो तर? एका मनोजवरून मी एका मुलीचं औषध तोडणार होतो. मला दोन्हींकडून भीती वाटत होती. जास्त भीती कुठली, एवढंच ठरवायचं होतं.

तिसरा रस्ता होता. तेच औषध सांध्यात न देता मानेच्या बाजूला, हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती द्यायचं. तिथे कूर्चाच नाही. मी भाऊरावांना समजावलं.

"मानेत सुई?" ते उठूनच उभे राहिले. "नाई जी. मान म्हनजे जीव. खांदा दुखून राहिला आन् तुमी मानेत कायले जाता?"

मी पुन्हा सांगितलं. चित्र काढून दाखवलं. ते चित्राकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले, आणि सुजातानेही मानेवर हात ठेवून नको म्हटलं. त्यांचंही चुकत नव्हतं. ज्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी पाहिलं, त्याच्या हाती मुलीची मान कोण देईल?

मग मी मुलीसमोर बसलो. म्हटलं, "सुजाता, ऐक. हे औषध सांध्यात साचत राहिलं तर आतली गादी मरते, असा मला संशय आहे. एका मुलाचं तसं झालेलं मी पाहिलंय. सगळ्यांचं होतं असं नाही. नळी काढली तर आज, उद्या खूप दुखेल. गोळ्या देईन, कमरेत इंजेक्शन देईन, पण त्याने पुरं थांबणार नाही."

"नळी काढली तर भरतीत गोळा फेकता येईन का, सर?"

"माहीत नाही."

"आन् ठेवली तर?"

"तेही माहीत नाही. पण ठेवायची मला भीती वाटते."

डॉक्टरने पेशंटला असं सांगू नये म्हणतात. माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, "काढा."

"पोरीले काय समजते!" भाऊराव ओरडले. "दवाई गळ्यात असून तुमी देऊन नाई राहिले! हा कोनता न्याय हाय?"

"बाबा, खांदा माझा हाय ना?" ती म्हणाली.

हातमोजे चढवून बिसेनांनी पट्टी सोडवली आणि नळी बाहेर काढली. त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे.

गोळा माझ्या हातात आला तेव्हा मी चमकलो. तो जड होता. काल सकाळपासून चालू असलेला गोळा आतापर्यंत निम्म्याहून जास्त आवळायला हवा होता. हा जवळजवळ भरलेला.

"चिमटा कधी बंद केला होता?" मी विचारलं.

"सुट्टी झाली तवाच," भाऊराव म्हणाले. त्यांना यात काही चुकलं असं वाटतच नव्हतं. "नर्सबाई सलाईन बंद करते तसा लावून टाकला. आमच्या दरेकशात काई भेटते का जी? डॉक्टर नाई, दुकान नाई. म्हटलं शहरातली दवाई गाडीत कायले वाया घालवाची? हिले म्हटलं, घरापोत दम धर. घरी गेल्यावर सोडू."

जंगलपट्टीतल्या माणसांची ही रीत मला ठाऊक होती. शहरातून आणलेलं औषध ती संपवत नाहीत. दोन गोळ्या खाऊन ताप उतरला की उरलेल्या डब्यात जातात, पुढच्या तापाला, नाहीतर शेजाऱ्याच्या पोराला. या सवयीने बिघडलेले रोगी मी कितीतरी पाहिले होते आणि त्यावर चिडलोही होतो. आज त्या सवयीने या मुलीला रात्रभर तडफडवलं होतं आणि त्याच वेळी तिच्या सांध्यात औषध जाऊ दिलं नव्हतं.

भाऊरावांनी हात पुढे केला. "गोळा द्या आमचा."

"कशाला?"

"हिच्या मायचे गुडघे लय दुखतात. गावात सुई देनारा हाय एक. त्याच्या हातून टाकून घेऊ."

तो गोळा दरेकशाच्या एखाद्या ओसरीवर उघडला जाताना मला दिसला, आणि त्या माउलीचे गुडघे. मी कात्री घेतली, नळी कापली, फुगा टोचला आणि ते सगळं औषध हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतलं. वरून नळ सोडला. भाऊराव बघतच राहिले. अन्नाच्या ताटावर कुणी पाय दिल्यावर माणूस जसा बघतो, तसे. मुलीचं कण्हणं त्यांनी सोसलं होतं, माझा नकार सोसला होता, पण हे नाही.

"असा डॉक्टर नाई पाहिला," ते म्हणाले. "चांगली दवाई मोरीत!"

सुजाताला इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. दरेकशाला जाणाऱ्या गाडीला अवकाश होता, तेवढा वेळ ती त्याच टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. रडताना तिचा आवाज येत नव्हता. मी बॅग उचलून निघालो खरा, पण स्कूटर सुरू करायला बराच वेळ लागला.

पुढचे महिने वाईट गेले. चूक केली की बरोबर, हे सांध्याला विचारायची सोय नव्हती. कूर्चा मेली असली तरी सुरुवातीला कळणारच नव्हतं. टाके काढायला आणि पुढे व्यायाम शिकायला ती बिसेनांकडेच येत होती. ती येणार असली की मी तिथे काहीतरी निमित्त काढून हजर राही. बिसेन तिचा हात सावकाश वर नेत आणि मी श्वास धरून आवाजाची वाट बघे. जात्याचा आवाज. कधी खुर्ची सरकली तरी मी तिकडे वळून बघे. बिसेन चेष्टा करायचे, "अरे, पोरगी बरी आहे, तुलाच झोपवावं लागेल." भाऊराव दारात उभे राहत. माझ्याशी एक शब्द बोलत नसत.

आवाज आला नाही. हात कानाला लागला. नंतर ती येईनाशी झाली, आणि बरं वाटलेला पेशंट येत नाहीच. पुढे सांध्यातल्या त्या नळीबद्दल इशारे छापून आले, सर्जन लोकांनी ती सोडून दिली, आणि बिसेनांनी एकदा चहा पिता पिता मान हलवून कबुली दिली, तेवढीच. मी खूश व्हायला हवं होतं. पण न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? नळी काढली म्हणून खांदा वाचला, चिमट्याने वाचला, की तो वाचणारच होता? मनोज मात्र कबड्डीच्या मैदानाबाहेर शिट्टी फुंकताना दिसे, उजवा हात खिशात घालून. त्याच्यापुढे माझ्याच्याने आजही उभं राहवत नाही.

काही वर्षांनी देवरीहून चिचगडकडे एका केससाठी चाललो होतो. थंडी मी म्हणत होती. रस्त्यावर पोलिसांची नाकाबंदी. एका महिला शिपायाने हात उंच करून गाडी थांबवली. अगदी सरळ, कानाला लागलेला हात. काच खाली केली तर ती वाकून बघत राहिली आणि मग हसली.

"सर, तुमी बेहोशीवाले ना? मोरीवाले?"

सुजाता होती. वर्दीत ओळखू आली नव्हती. वडील निवृत्त झाले होते. "बाबा अजून सांगतात सगळ्याइले, चांगली दवाई मोरीत ओतली त्या डॉक्टरनं. पाहुना आला की पहिले हेच."

"सांगू देत," मी म्हटलं. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता. तरी माझ्याच्याने राहवलं नाही. "खांदा कसा आहे?"

"एकदम बेस, सर." तिने तो हात गोल फिरवून दाखवला. मी नकळत कान टवकारले. ट्रकच्या हॉर्नमध्ये काही ऐकू आलं नाही. "थंडीत थोडासा ठणकते, बस. पन थंडीत तर सगळ्याइचेच खांदे ठणकतात ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांचेच ठणकतात."

तिने हात वर करून ट्रकला थांबवलं आणि मला पुढे जायची खूण केली. मी तिला जे सांगितलं ते खरं असावं, एवढीच माझी इच्छा आहे. गोंदियाचा पारा उतरला की दर वर्षी ही इच्छा जागी होते.